रसायनाची ओळख आणि पारख

म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक ज्या ठिकाणी येऊन थांबते, ते स्थान म्हणजे बन्नीमंटप. 'बन्नी' म्हणजे आपली शमी. विजयादशमीला येथे शमीची पूजा होते, रात्री मशालींचे संचलन होते. प्रवाशाच्या डोळ्यांत भरते ते एवढेच. परंतु वाचकहो, याच बन्नीमंटपातून निघालेली एक वस्तू आपल्या डाव्या तर्जनीवर कधी ना कधी येऊन बसलेली आहे. ती म्हणजे मतदानाची न पुसणारी शाई.

ही शाई 'म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश' या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ साली लाख आणि रंग यांच्या निर्मितीसाठी हा कारखाना काढला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या कृतीनुसार १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून येथे ही शाई होऊ लागली. संपूर्ण कृती गुप्त ठेवलेली आहे. मात्र तिचा प्राण सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षारात आहे, हे सर्वश्रुत आहे. त्वचेचा आणि प्रकाशाचा संपर्क होताच हा क्षार काळा डाग सोडतो. नखावरचा डाग तर नख वाढून पुढे जाईपर्यंत हटत नाही. हे द्रव्य अस्सल नसेल, तर खूण टिकणार नाही. आणि खूण टिकली नाही, तर एका माणसाला एकच मत या तत्त्वालाच बाध येईल.

योग्य द्रव्य कोणते आणि ते कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न केवळ कारखानदारांचा राहिलेला नाही. घरी साबण करून चार पैसे मिळविणाऱ्या भगिनी, प्रयोगवहीत गढलेले विद्यार्थी, लहानसा उद्योग मांडणारे तरुण, हे सारे आज संगणकावर वा दूरध्वनीच्या पडद्यावर रसायने शोधीत असतात. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

नावाचा घोटाळा

'सोडा' हा साधा शब्द घ्या. भजी हलकी व्हावीत म्हणून घालतो तो खाण्याचा सोडा, कपड्यांचा मळ काढतो तो धुण्याचा सोडा आणि साबणासाठी लागतो तो कॉस्टिक सोडा. नावे सख्ख्या भावंडांसारखी; पण पहिला पोटात जातो, तर तिसरा कातडी जाळतो. उलटपक्षी, एकाच द्रव्याला अनेक नावेही असतात. सिल्व्हर नायट्रेटलाच जुने वैद्यक 'ल्यूनर कॉस्टिक' म्हणत असे.

हा घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकेतील 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस' या संस्थेने १९६५ पासून प्रत्येक द्रव्याला स्वतंत्र क्रमांक देण्यास आरंभ केला. त्यास 'कॅस क्रमांक' म्हणतात. खाण्याच्या सोड्याचा क्रमांक १४४-५५-८, धुण्याच्या सोड्याचा ४९७-१९-८, कॉस्टिक सोड्याचा १३१०-७३-२ आणि सिल्व्हर नायट्रेटचा ७७६१-८८-८.

या क्रमांकातील शेवटचा अंक हा पहारेकरी होय. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून घ्या आणि त्यांना अनुक्रमे १, २, ३ असे गुणीत जा. खाण्याच्या सोड्याचे पाहा: ५ एके ५, ५ दुणे १०, ४ त्रिक १२, ४ चोक १६, १ पंचे ५, बेरीज ४८. तिच्या एकं स्थानी ८, आणि क्रमांकाच्या शेवटीही ८. मेळ बसला नाही, तर क्रमांक लिहिण्यात चूक आहे असे खुशाल समजावे. मुलांना ही गंमत अवश्य करून पाहू द्या.

शोध कोठे घ्यावा?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ साली 'पबकेम' हे माहितीचे भांडार सर्वांना विनामूल्य खुले केले. तेथे क्रमांक घातला की द्रव्याची सर्व नावे, त्याचे गुणधर्म, त्यापासूनचे धोके आणि ते पुरविणाऱ्या पेढ्यांची यादी समोर येते. औषधांचे संशोधन करणाऱ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 'झिंक' नावाचा संग्रह सिद्ध केला आहे. त्यात बाजारात विकत मिळू शकणाऱ्या संयुगांवरच भर असतो. कारण मिळतच नाही अशा द्रव्यावर प्रयोग तरी कसा करावा?

यादी म्हणजे हमी नव्हे

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. क्रमांक द्रव्याची ओळख सांगतो, बाटलीतल्या मालाची शुद्धता सांगत नाही. यादी पुरवठादाराचा पत्ता सांगते, त्याचा सचोटीपणा सांगत नाही.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे या प्रकरणाची चौकशी केली. ग्लिसरीनचा क्रमांक ५६-८१-५, त्या विषाचा १११-४६-६. कागदावर दोहोंत गल्लत होणे शक्य नाही. परंतु दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोडसर. रुग्णाला किंवा परिचारिकेला फरक कळावा कसा? तो कळतो केवळ प्रयोगशाळेतील तपासणीने.

म्हणून रसायन मागविताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, क्रमांक. दुसरी, प्रत: औद्योगिक, प्रयोगशाळेची की औषधी? एका प्रतीचा माल दुसऱ्या कामी कदापि वापरू नये. तिसरी, त्या विशिष्ट बॅचचे तपासणी-प्रमाणपत्र. आणि चौथी, सुरक्षिततेचे माहितीपत्रक. त्यात हाताळणी, साठवण आणि अपघात झाल्यास करावयाचे उपचार दिलेले असतात. जो विक्रेता हे कागद देण्यास कां-कूं करतो, त्याचा माल स्वस्त असला तरी महागच पडतो. आणि माल घरी आला की तो सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. नावाची आणि क्रमांकाची चिठ्ठी मूळ बाटलीवर तशीच राहू द्यावी.

सोने घेताना आपण कसोटीचा आग्रह धरतो. जे द्रव्य आपल्या स्वयंपाकघराशेजारी, मुलाबाळांच्या हाताशी राहणार, त्याच्याविषयी तितकाच आग्रह धरण्यात संकोच कसला?