घाटांतील मालगाडी आणि छायाचित्रकार

मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी बोरघाट लागला कीं खिडकीशीं सरकतो. पावसाळा असला तर धबधबे पाहतो, उन्हाळा असला तर दरी पाहतो, आणि जवळ कॅमेरा असला तर एकदोन चित्रेंहि टिपतो. १९३० सालीं सुरू झालेल्या 'डेक्कन क्वीन' गाडीचीं चित्रें तर इतकीं निघालीं आहेत कीं त्यांची मोजदाद होणें कठीण. पण त्याच घाटांत, शेजारच्या रुळांवर, तेलाच्या टाक्यांची किंवा बंदरांतून आलेल्या पोलादी पेट्यांची सहासातशें मीटर लांबीची मालगाडी धिमेपणानें वर चढत असते. पुढें एंजिनें, मागें एंजिनें आणि मध्यें डब्यांची न संपणारी रांग. तिच्याकडे कॅमेरा सहसा वळत नाहीं. उलट तिनें दरीचा देखावा अडविला म्हणून प्रवासी जरासा चिडतोच.

वास्तविक घाट म्हणजे काय हें समजून घ्यावयाचें असेल तर या मालगाडीइतकें दुसरें कोणी सांगणार नाहीं. उतारूंच्या गाडीलाहि घाटांत मागून एंजिनांचा रेटा घ्यावा लागतो; पण ती तुलनेनें हलकी, आणि आंत बसलेल्यास चढण जाणवूंहि न देतां ती वर जाते. मालगाडीला चढण लपवितां येत नाहीं. भार आणि चढण हीं दोन्ही ज्यांत दिसतात तेंच घाटांतील मालगाडीचें खरें चित्र. तीं दिसत नसतील तर तें डोंगराचें चित्र झालें, आणि त्यांत ओघानें एक गाडी आली, एवढेंच.

बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिल महिन्यांत तें पुरें झालें. या मार्गाचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे १८६२ सालींच निवर्तले. आपली योजना पूर्ण झालेली पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. सुमारें पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढावयाचें, त्यासाठीं २५ बोगदे पाडावयाचे आणि ओढ्यानाल्यांवर उंच कमानींचे पूल बांधावयाचे, असें तें काम होतें. १८६१ सालीं एका वेळीं सुमारें ४२ हजार माणसें या घाटांत राबत होतीं. पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतील किती तरी तेथेंच मरण पावलीं. मार्ग खुला झाला तेव्हां अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला होता. देशावरचा कापूस याच वाटेनें बंदराकडे उतरूं लागला. तेव्हां मालगाडी ही घाटांतील उपरी नव्हे. घाट फोडला गेला तो मुख्यतः तिच्यासाठींच.

या मार्गाची अतिशय तीव्र चढण ३७ फुटांस १ फूट अशी आहे. पायीं चालणाऱ्यास ती काहींच वाटणार नाहीं; पण पोलादी चाक पोलादी रुळावर फिरत असतां हाच आंकडा भयंकर ठरतो. समजा, गाडीचें वजन १,८५० टन आहे. सपाटीवर ती संथपणें चालती ठेवण्यास चारपांच टनांचा ओढा पुरतो. ३७ स १ या चढणीवर मात्र नुसतें तिचें वजनच तिला ५० टनांच्या जोरानें मागें खेंचीत असतें. हा सारा भार पुढील एंजिनांनींच ओढावयाचा म्हटला, तर पहिल्या डब्याच्या सांधणीवर सर्व ताण येऊन ती तुटावयाची. म्हणून कर्जत येथें गाडीच्या शेपटाला आणखी एंजिनें लावतात. त्यांस रेल्वेंतील लोक 'बँकर' म्हणतात. तीं मागून रेटतात. त्यामुळें सांधण्यांवरील ताण वांटला जातो, आणि मध्येंच एखादी सांधण तुटलीच तरी मागील डबे धरून ठेवण्यास कोणी तरी असतो. लोणावळ्यास हीं एंजिनें सुटतात. उतरणाऱ्या गाडीची परीक्षा निराळी. तिच्यासाठीं घाटांत बाजूला चढणीचे फांटे काढलेले आहेत. गाडी काबूंत नसेल तर ती खालीं न सुटतां त्या फांट्यावर चढून थांबावी, अशी ही योजना आहे.

हें ज्यास ठाऊक आहे त्याचा कॅमेरा आपोआप योग्य जागीं वळतो. नवशिका छायाचित्रकार पुढील एंजिन आलें कीं कळ दाबतो आणि कॅमेरा पिशवींत टाकतो. जाणता मनुष्य थांबतो. अर्ध्याअधिक श्रमांचें चित्र अजून यावयाचें असतें, हें तो जाणतो. डब्यांची रांग संपत आली कीं मागील एंजिनांची घरघर ऐकूं येऊं लागते, आणि मग तीं तिन्ही एकमेकांस चिकटून, जणूं खांदा लावून, वळणावरून वर सरकतात. शक्य असल्यास असें वळण निवडावें कीं जेथें गाडीचें डोकें आणि शेपूट एकाच चौकटींत येईल. त्या एका चित्रांत घाटाचें सारें गणित उतरतें.

चढण चित्रांत दिसत नाहीं, ही हौशी लोकांची नेहमींची तक्रार असते. तिचें कारण कॅमेऱ्यांत नसून हातांत असतें. डोळा रुळांनाच सपाट समजतो आणि हात नकळत कॅमेरा रुळांच्या रेषेंत झुकवितो. मग गाडी सपाटीवर आणि झाडें मात्र तिरपीं दिसतात. गवंडी जशी पाणसळ आणि ओळंबा वापरतो तसा छायाचित्रकारानेंहि एखादा ओळंबा शोधावा. विजेच्या तारांचा खांब, साग्याचें सरळ खोड किंवा कड्यावरून पडणारी पाण्याची धार चौकटींत असली कीं रुळांचा कल डोळ्यांत भरतो. लांब पल्ल्याचें भिंग दूरचे डबे जवळ आणून रुळांची चढउतार ठळक करतें. रुंद भिंगांत तीच चढण विरघळून जाते.

प्रकाशाचेंहि असेंच आहे. बोरघाट सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर आहे. सूर्य डोंगरामागून वर येतो. म्हणून सकाळीं बराच वेळ दरी सावलींत असते आणि आकाश मात्र पांढरें फटक दिसतें. दुपार कलली म्हणजे कड्यांवर ऊन येतें आणि डब्यांच्या बाजू उजळतात. चैत्र-वैशाखांत हवा धुळकट असते, पावसाळ्यांत धुकें क्षणांत येतें आणि क्षणांत जातें. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकांत, हवा निवळ आणि डोंगर अजून हिरवे असतात. एंजिनाचा पुढील दिवा दिवसाहि पेटलेला असतो, आणि त्याच्या झगमगाटानें कॅमेऱ्याचें प्रकाशमापक फसतें. त्यासाठीं गाडी येण्यापूर्वींच मोकळ्या रुळांवरून प्रकाशाचें मान ठरवून ठेवणें श्रेयस्कर.

वेगाचा विचार करतां घाटांतील मालगाडी छायाचित्रकारावर दयाच करते. तासाला ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाच्या साठाव्या भागांत १४ सेंटिमीटर सरकते, आणि पांचशाव्या भागांत दोन सेंटिमीटरहि सरकत नाहीं. पहिल्या चित्रांत डब्यांवरील अक्षरें पुसट होतील, दुसऱ्यांत तीं वाचतां येतील. आज कोणताहि साधा कॅमेरा एवढें सहज करतो. पण पहिले छायाचित्रकार या घाटांत आले तेव्हां हें स्वप्नांतहि शक्य नव्हतें.

त्या पहिल्या छायाचित्रकारांत एका स्त्रीचें नांव आदरानें घ्यावें लागतें. घाटाचा मक्ता घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं मुंबईस आले आणि कांहीं आठवड्यांतच मरण पावले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें मक्ता सोडला नाहीं. जाणत्या अभियंत्यांच्या हातीं काम देऊन तिनें तें पुढें चालविलें, आणि चाललेल्या बांधकामाचीं छायाचित्रेंहि घेतलीं. तीं आजहि उपलब्ध आहेत. त्या वेळीं कांचेला कलोडियनचा चिकट थर द्यावा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी आणि वाळण्यापूर्वीं काळ्या तंबूंत नेऊन धुवावी, अशी रीत होती. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. चालती गाडी त्या कांचेवर धुरकट रेघ होऊन राहिली असती. म्हणून त्या काळच्या चित्रांत गाड्या आणि माणसें उभीं असतात, स्तब्ध असतात. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति पुढें आणली, ती सुधारत गेली, आणि मग कोठें चालती आगगाडी छायाचित्रांत सांपडूं लागली.

आतां प्रश्न असा कीं, एवढी खटपट कशासाठीं? घाट तेथेंच आहे, गाड्या रोजच जातात. आज नाहीं तर उद्यां चित्र घेतां येईल. या समजुतीनेंच पुष्कळ गोष्टी हातच्या गेल्या आहेत. बोरघाटांत पूर्वीं एक उलटें स्थानक होतें. जागा इतकी अरुंद कीं मार्गाला वळण देतां येईना. म्हणून गाडी एका टोकाशीं नेऊन थांबवीत, एंजिन दुसऱ्या बाजूस आणीत आणि गाडी उलट दिशेनें पुढें चढे. १९२९ च्या सुमारास नवीन बोगद्यांनीं मार्ग बदलला आणि ती रीत संपली. माहू की मळी येथील आठ कमानींचा पूल १८६७ सालीं कोसळला. तो कसा होता हें आतां जुन्या चित्रांवरूनच समजावयाचें.

विजेचीं एंजिनें आलीं तींहि अशींच गेलीं. १९२९ सालीं कल्याण ते पुणें हा मार्ग १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालूं लागला. मालगाड्यांसाठीं त्या वेळीं जीं ४१ एंजिनें आणलीं त्यांच्या पुढें-मागें लांब नाकें असत आणि मधला भाग उंच असे. चाकांना जोडलेले दांडे फिरूं लागले कीं तें धूड डुलत, कण्हत चाले. स्वित्झर्लंडांतील याच घडणीच्या एंजिनांस तिकडे 'मगर' म्हणत. इकडच्या रेल्वेवाल्यांनीं त्यांस 'खेकडा' म्हटलें. त्यांतील एकास मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव दिलेलें होतें. तें आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत उभें आहे, आणि दुसरें एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारांत. साठ वर्षांवर या खेकड्यांनीं घाट चढविला. आवारांतील उभें एंजिन पाहून त्याचा आकार समजतो. पण पावसाच्या झडींत भरल्या डब्यांना रेटीत असलेलें तेंच एंजिन कसें दिसे, हें ज्यांनीं वेळीं कॅमेरा उचलला त्यांनींच पुढच्या पिढीसाठीं राखून ठेवलें. पुढें घाटांतील वीजहि बदलून २५,००० व्होल्टची झाली आणि २०१६ पर्यंत मुंबईच्या सर्व परिसरांतून जुनी पद्धत नाहींशी झाली. तिच्याबरोबर तिच्यावरच चालणारीं एंजिनेंहि गेलीं.

काळ असा निसटत असतां एकट्या माणसास काय करतां येतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील ओ. विन्स्टन लिंक यांनीं घालून दिलें. व्हर्जिनिया प्रांताच्या डोंगरांतून कोळसा वाहणाऱ्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरील वाफेचीं एंजिनें आतां जाणार, हें ओळखून १९५५ पासून त्यांनीं तेथें खेपा घातल्या. सूर्य आपल्या मर्जीप्रमाणें हलत नाहीं. म्हणून त्यांनीं बहुतेक चित्रें रात्रीं घेतलीं, आणि तारांनीं एकत्र जोडलेले कित्येक दिवे एका क्षणीं पेटवून सारा परिसर उजळविला. त्यांच्या चित्रांत नुसतें एंजिन नाहीं. ओसरीवर बसलेलीं माणसें आहेत, ओढ्यांत डुंबणारीं मुलें आहेत आणि मागून गाडी जात आहे. त्यांनीं त्या गाड्यांचे आवाजहि मुद्रित करून ठेवले. १९६० सालीं तेथील वाफेचीं एंजिनें बंद झालीं. आज त्या डोंगरांतील ते दिवस त्या चित्रांत आणि आवाजांत उरले आहेत.

बोरघाटांतहि एंजिनाबाहेर माणसें आहेत: रुळांची तपासणी करीत पायीं हिंडणारे गस्तवाले, दरडींवर नजर ठेवणारे पावसाळ्यांतील पहारेकरी, बँकरवर बसून पुढील गाडीच्या शिटीकडे कान देणारा चालक. यांची परवानगी घेऊन, यांच्या कामांत अडथळा न आणतां यांचें चित्र घेणें हेंहि या छंदाचें अंग आहे.

परंतु हा छंद जिवावर बेतूं शकतो, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. विजेचें एंजिन उतारावरून जवळजवळ निःशब्द येतें; धबधब्याच्या आवाजांत तें मुळींच ऐकूं येत नाहीं. घाटांत एकाहून अधिक मार्ग असल्यानें एका गाडीवर डोळा लावून उभा असलेला मनुष्य मागून येणाऱ्या दुसरीला विसरतो. बोगद्यांत पळावयास जागा नसते. डोक्यावरील तारेला हात लागावयास नको, नुसती काठी जवळ गेली तरी पुरें. रेल्वेच्या हद्दींत विनापरवाना शिरणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी शहाण्यानें रुळांवर पाऊल टाकलें नसतें. बाहेरचा रस्ता, टेंकडीचा माथा, गांवची पायवाट, आणि अधिकाऱ्यांस विचारून स्थानकाचा फलाट, एवढ्या जागा पुरेशा आहेत. लांबून घेतलेल्या चित्रांतच घाट मोठा आणि गाडी खरी दिसते.

शेवटचें काम घरीं आल्यावरचें. चित्राखालीं जागा, तारीख, वेळ, गाडी चढणारी कीं उतरणारी, एंजिनांचे क्रमांक आणि डब्यांत काय होतें, एवढें लिहून ठेवावें. हीं पांच ओळींची टीप नसेल तर पन्नास वर्षांनीं तें 'एका घाटांतील एक गाडी' एवढेंच उरेल. ती असेल तर तें पुरावा होईल. अ‍ॅलिस ट्रेडवेलच्या चित्रांकडे आज आपण ज्या उत्सुकतेनें पाहतों, त्याच उत्सुकतेनें उद्यां कोणी तरी आजच्या मालगाडीकडे पाहणार आहे. तेव्हां पुढच्या खेपेस खिडकीआड मालगाडी आली तर चिडूं नये. शेवटचें एंजिन दिसेपर्यंत थांबावें, आणि मगच कळ दाबावी.