कानाच्या पडद्याचे ठिगळ

चिखली-मेहकरकडील ज्या मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहतो आणि घरची माणसे त्यात कोमट तेल घालून स्वस्थ बसतात (हा इलाज आता खरोखर थांबावयास हवा), त्याच्या पडद्याला बहुधा भोक पडलेले असते. आणि जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीच्या त्या पडद्याला ठिगळ लावावयाचे ते कशाचे, हा प्रश्न वैद्यकास दीर्घकाळ छळीत आला आहे. 1640 साली मार्कुस बान्झर या वैद्याने डुकराच्या मूत्राशयाचा उपयोग केला. 1950 नंतर जर्मनीत वुलस्टाइन व झोलनर या शल्यविशारदांनी त्वचा लाविली, परंतु ती कानात नीट टिकेना. अखेरीस उत्तर कानाच्या बोटभर वरच सापडले: कानशिलाच्या स्नायूवरील पांढरे आवरण, टेम्पोरॅलिस फॅशिया. शल्यविशारद ते काढतो, त्याला चिकटलेला स्नायू खरवडतो आणि ते आवरण सुकवितो; तेव्हा ते पतंगाच्या कागदासारखे कडक होऊन चिमट्याने पडद्याखाली सरकविता येते. या आवरणाची भूक अल्प, म्हणून नव्या रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत ते तग धरते. स्वतःच्याच देहातील असल्याने देह ते नाकारीतही नाही, ही मला त्याची थोरवी वाटते. भोक फार मोठे असेल किंवा पहिले ठिगळ निकामी झाले असेल, तर मात्र कर्णद्वारापुढील उंचवट्यातील कूर्चेची चकती तासून बसविण्याची तजवीज करतात.