काळं पाणी, पण फक्त फुलझाडांना!

डम्पिंग ग्राउंडच्या ढिगातून झिरपणारं काळं पाणी म्हणजे लिचेट. ते विहिरीत उतरलं तर पाणी नासतं. पण ओल्या कचऱ्यामुळे त्यात नत्र आणि पालाशही असतं. इंडोनेशियात या पाण्याला ‘लिंडी’ म्हणतात. त्यात उसाची मळी आणि जिवाणूंचं विरजण घालून, आंबवून द्रवखत करायचे प्रयोग तिथे झालेत.

मग भाजीला का नको? कारण आंबवल्यावर वास कमी होतो, पण बॅटरी-रंगांतून आलेलं शिसं, कॅडमियम जात नाही. शोभेचं झाड आपण खात नाही, एवढंच. माती मात्र तीच! म्हणून आधी प्रयोगशाळेत तपासणी, मगच भरपूर पाणी मिसळून वापर. घरी प्रयोग नको बरं का!