पान उलटणारी माणसं

एखाद्या औषधाचा खरंच उपयोग होतो का, हे पाहायला बसलेला डॉक्टर संगणकावर चार शब्द टाकतो आणि मेडलाइन ही वैद्यकीय लेखांची सूची त्याच्यापुढे हजारो नोंदी ओतते. एवढ्या ढिगात सगळंच आलं असणार, असं त्याला वाटतं. १९९४ साली के डिकरसिन आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा समज मोडला. चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेल्या चाचण्यांपैकी मेडलाइनच्या शोधात सरासरी निम्म्याच सापडत होत्या.

बाकीच्या कुठे होत्या? बऱ्याचशा मेडलाइनमध्येच होत्या. त्यांच्यावर ‘चाचणी’ अशी खूण कुणी केलेली नव्हती. कधी चिठ्ठीने गट पाडल्याचं सांगणारा ‘रँडम’ हा शब्द शीर्षकात नसतो, सारांशातही नसतो, पद्धतीच्या परिच्छेदात मध्येच कुठेतरी बसलेला असतो. कधी अख्खी चाचणी संपादकांना लिहिलेल्या पत्रात उरकलेली असते, तर कधी परिषदेच्या पुरवणीत दहा ओळींत.

म्हणून हँडसर्चिंग. नियतकालिकाचे जुने गठ्ठे काढायचे आणि एकेक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळायचा: लेख, पत्रं, पुरवण्या, काही म्हणून सोडायचं नाही. नजर तांदूळ निवडणाऱ्या बाईची लागते. फरक एवढाच की इथे खडाच हवा असतो. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कोक्रेन या संस्थेने हे काम देशोदेशीच्या स्वयंसेवकांमध्ये वाटलं. सापडलेल्या चाचण्या कोक्रेनच्या ‘सेंट्रल’ या नोंदवहीत गेल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने मेडलाइनमधल्या जुन्या नोंदींवर नव्याने खुणा केल्या. आज घरबसल्या जे पटकन सापडतं, त्यामागे या कंटाळवाण्या कामाचा मोठा वाटा आहे. शोधनिबंधात मात्र त्याला जेमतेम एक वाक्य मिळतं.

पण जे छापलंच गेलं नाही, त्याची पानं कुठली उलटणार? ऑक्सफर्डचे इअन चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी टपालाचा रस्ता धरला. १८ देशांतल्या ४२,००० प्रसूतितज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना पत्रं गेली: तुमच्याकडे न छापलेली चाचणी आहे का? कळल्या ३९५. एवढ्या टपालखर्चावर हे पीक बेताचंच म्हणायचं. १९८९ साली त्यांनी हे सारं मांडलं. मागाहून विचारत फिरण्यापेक्षा चाचणी सुरू होतानाच तिची नोंद करावी, हा धडा त्यातून मिळाला. भारतात अशी नोंदवही, सीटीआरआय, २००७ च्या जुलैमध्ये सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांना ती १५ जून २००९ पासून सक्तीची झाली.

त्याआधीच्या, न छापलेल्या चाचण्यांचं काय? आपल्याकडे एमडी, एमएस करणाऱ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातले कित्येक कधीच कुठे छापून येत नाहीत. काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरं मिरवत कॉलेजच्या ग्रंथालयात उभे असतात. ते हवे असतील तर तिथे जायचं, ग्रंथपालांशी आधी चार शब्द बोलायचे आणि मग कपाटाची किल्ली मागायची.