खेळांसाठीं नवा लॅपटॉप : मोह आणि मोजमाप



घरांत एक लॅपटॉप चालता असतां केवळ खेळांसाठीं दुसरा घ्यावा काय, हा प्रश्न हल्लीं अनेक कुटुंबांत उपस्थित होतो. मुलगा म्हणतो, जुन्यावर खेळ अडखळतो. वडील म्हणतात, चार वर्षांपूर्वीं घेतलेली वस्तु इतक्यांत जुनी कशी झाली? दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य असूं शकेल. परंतु प्रश्न लाखाच्या घरांतील रकमेचा आहे, आणि मध्यम स्थितीच्या घरीं एवढी रक्कम दुसरा कांहीं खर्च मागें सारूनच उभी राहते. तेव्हां या वादाचा निकाल मोजमापानें लागावा, हें बरें.

खेळांतील हालचाल चित्रपटाप्रमाणेंच एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची बनते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. चित्रपटांत हीं चित्रें आधींच तयार असतात. खेळांत तीं त्या त्या क्षणीं घडवावीं लागतात. सेकंदास ३० फ्रेम पडत असतील, तर दोन फ्रेममध्यें ३३.३ मिलिसेकंदांचें अंतर राहतें. ६० पडल्या तर १६.७, १२० पडल्या तर ८.३ आणि २४० पडल्या तर ४.२. म्हणजे ३० वरून ६० वर जाण्यानें हें अंतर जवळजवळ १७ मिलिसेकंदांनीं घटतें, पण १२० वरून २४० वर जाण्यानें जेमतेम ४ नीं. पहिला लाभ कोणाच्याही डोळ्यांस दिसतो. दुसरा मुरलेल्या स्पर्धकासच काय तो जाणवावा.

आतां जाहिरातींतील तीन गोष्टींकडे वळूं. पहिली नांवाची. एनव्हीडिया कंपनीचें आरटीएक्स ४०६० हें लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड २०२३ सालीं बाजारांत आलें. तें ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही शक्तीवर चालविण्याची मुभा लॅपटॉप बनविणाऱ्यास आहे. सडपातळ लॅपटॉपमध्यें तें कमी वॅटांवर बसविलें, तर नांव तेंच राहून काम मात्र घटतें. म्हणून कार्डाच्या नांवाबरोबर वॅटही विचारावे.

दुसरी गोष्ट पडद्याची. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० × १६०० च्या पडद्यावर ४०,९६,०००. नव्या लॅपटॉपचा पडदा असा मोठ्या मापाचा असेल, तर नव्या कार्डाची पुष्कळशी वाढीव शक्ति हे अधिक ठिपके भरण्यांतच खर्ची पडते.

तिसरी गोष्ट आंकड्यांची. एनव्हीडियाच्या डीएलएसएस या तंत्रांत २०२२ सालापासून दोन खऱ्या फ्रेमच्या मध्यें अंदाजानें बनविलेली फ्रेम घालण्याची सोय झाली. २०२५ च्या आवृत्तींत एका खऱ्या फ्रेममागें अशा तीन घालतां येतात. त्यामुळें हालचाल गुळगुळीत दिसते. परंतु मधल्या फ्रेमना खेळाडूनें नुकतीच दाबलेली कळ ठाऊक नसते. आंकडा चौपट झाला, तरी हाताला मिळणारा प्रतिसाद चौपट जलद होत नाहीं. तुलना करावयाची ती खऱ्या फ्रेमची.

दुकानांत जाण्यापूर्वीं घरच्या लॅपटॉपची परीक्षा घ्यावी. चार्जर लावावा, कारण केवळ बॅटरीवर कार्डाला पुरती वीज मिळत नाहीं. फ्रेमवर मर्यादा घालणारी व्ही-सिंक ही सोय बंद करावी, आवडता खेळ लावावा आणि फ्रेम टिपून घ्याव्या. मग सेटिंगमध्यें रेझोल्यूशन उतरवून तोच प्रसंग पुन्हा खेळावा. फ्रेम बऱ्याच वाढल्या, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. तितक्याच राहिल्या, तर बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची. खेळ पहिलीं दहा मिनिटें सुरळीत चालून मग मंदावत असेल, तर दोष उष्णतेचा समजावा. पंख्यांतील धूळ काढणें, ८ जीबी रॅमची १६ करणें, हे उपाय थोडक्या पैशांत होतात.

सर्वच ठिकाणीं मात्र असें भागत नाहीं. लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड व त्याची मेमरी बहुधा मदरबोर्डावर पक्की बसविलेली असते. ती मागाहून वाढवितां येत नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें निघालेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळास रे ट्रेसिंगची यंत्रणा कार्डांतच असावी लागते. २०१९ सालच्या जीटीएक्स १६५० मध्यें ती नाहीं. तेथें धूळ झाडून उपयोग नाहीं, आणि मुलाचें म्हणणें मान्य करावें लागतें. याउलट २०२१ च्या आरटीएक्स ३०६० वरून ४०६० वर जाणाऱ्यास तेच खेळ कांहींशा अधिक वेगानें खेळतां येतील. पूर्वीं न चालणारा खेळ चालूं लागला, असें क्वचितच घडेल.

सारांश, ज्या खेळासाठीं खरेदी करावयाची, त्याचें नांव प्रथम कागदावर लिहावें. त्याखालीं आज मिळणाऱ्या आणि हव्या असलेल्या फ्रेम मांडाव्या. मग हव्या त्या लॅपटॉपवर, तितक्याच वॅटांवर व तशाच पडद्यावर घेतलेलीं मापें पाहावीं. बापलेकांनीं एकत्र बसून हा कागद भरला, म्हणजे बहुतेक वाद तेथेंच मिटतो. आणि लिहावें असें खेळाचें नांवच सुचलें नाहीं, तर खरेदी पुढल्या वर्षावर टाकण्यास हरकत नाहीं.