आठ लाखांच्या अलीकडे, पलीकडे

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रासमोर ओळखीची रांग लागते. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये रेशनकार्ड, आधार, सातबारा नाहीतर फॉर्म सोळा, आणि वडिलांची सही घेतलेलं स्वयंघोषणापत्र. या खटाटोपातून हाती येतो एक कागद, उत्पन्नाचा दाखला. त्यावर तहसीलदारांची डिजिटल सही आणि एक आकडा. फी पूर्ण माफ, अर्धी माफ की सगळी भरायची, हे बव्हंशी तो आकडा ठरवतो. पुढे शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर त्रुटी, ‘सेंड बॅक’ आणि आधार सीडिंगचं जे रामायण घडतं, ते वेगळं.

हा आकडा येतो कुठून? नोकरदाराचा येतो फॉर्म सोळामधून, रुपयापर्यंत चोख. शेतकरी, मजूर, हातगाडीवाला यांच्याकडे असला कागद नसतो. तिथे तलाठ्याचा अहवाल लागतो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तो अजून भाऊसाहेबच.) जमीन किती, जिरायत की बागायत, जोडधंदा काय, यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधला जातो. अंदाज इकडेतिकडे झुकू शकतो, पगार झुकत नाही. त्यामुळे बागायतदाराचा दाखला कधी कारकुनाच्या दाखल्यापेक्षा गरीब निघतो. उलट, पाऊस दगा देऊन गेला तरी कोरडवाहूवाल्याच्या दाखल्यावर गेल्या वर्षीचाच आकडा सुखाने नांदत असतो.

आकडा मिळाला की तो रेषेवर ठेवून पाहायचा. रेषा एकच असती तर प्रश्न नव्हता. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची, देशातली ही जुनी योजना. तिची मर्यादा अडीच लाख रुपये, 2013 पासून तीच. म्हणजे महिना 20,833 रुपये. त्यापुढे गेलं की निर्वाहभत्ता जातो आणि ‘फ्रीशिप’मधून फीपुरती सोय उरते. खुल्या प्रवर्गासाठी, बोलीभाषेत ‘ईबीसी’ म्हणतात ती राजर्षी शाहू महाराज योजना आठ लाखांपर्यंत. तिच्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी शिक्षण फी मिळते. 2024-25 पासून त्याच आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. पवईच्या आयआयटीत रेषा आणखी निराळ्या : एक लाखाच्या आत शिकवणी फी शून्य, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश माफ. केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या पूर्ण व्याजसवलतीसाठी साडेचार लाख ही आणखी एक रेषा. तेच घर एका खिडकीवर गरीब आणि शेजारच्या खिडकीवर सुखवस्तू.

खरी गोम रेषेच्या काठावर आहे. समजा, एका क्लार्कचं वार्षिक उत्पन्न 7,95,000 आहे आणि मुलाची अभियांत्रिकीची शिक्षण फी 1,20,000. ईबीसीतून 60,000 सुटतात. पगारवाढीने उत्पन्न 8,05,000 झालं की ते साठ हजार गेले. दहा हजारांची वाढ झाली आणि घर पन्नास हजारांनी खाली आलं. आयआयटीत तर शिकवणी फी वर्षाला दोन लाख. पाच लाखांच्या आत असलात तर सुमारे 67,000 भरायचे, रेषा ओलांडली की पूर्ण दोन लाख. वाढीव महागाई भत्ता नको म्हणणारा माणूस आपण कधी पाहिला नसेल, पण मार्चअखेरीस त्याचा हिशेब मांडत बसलेले आईवडील मी पाहिले आहेत.

हे आठ लाख मुळात आले क्रीमी लेयरमधून. 1993 मध्ये ओबीसी आरक्षणासाठी ती मर्यादा एक लाख होती, वाढत वाढत 2017 मध्ये आठ लाख झाली. 2019 मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला तोच आकडा लागला. हा आकडा काढला कसा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विचारलं, तेव्हा केंद्राने समिती नेमली आणि समितीने तोच कायम ठेवला. गंमत अशी, की क्रीमी लेयरच्या उत्पन्न निकषात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, फी सवलतीच्या दाखल्यात मात्र दोन्ही धरतात. त्यामुळे नॉन-क्रीमी लेयर आहे पण फी सवलत नाही, अशी घरं सर्रास भेटतात. लोक त्यावर चिडतात. चिडणं रास्त आहे, पण दोन्ही कागद आपापल्या नियमाने बरोबर असतात.

या सगळ्यात न विचारलेल्या गोष्टी मला जास्त खटकतात. घरात शिकणारी मुलं किती, आजीचं डायलिसिस चालू आहे का, डोक्यावर कर्ज किती, मुलगा गावातच शिकणार की पुण्यात खोली घेऊन राहणार, हे दाखल्याला ठाऊक नसतं. मुलांची संख्या ईबीसीत येते ती एकाच कामाला : घरातल्या दोघांनाच लाभ, तिसऱ्याला नाही.

अमेरिकेत पद्धत उलट बाजूने चालते. तिथला विद्यार्थी फॅफ्सा हा सरकारी अर्ज भरतो. त्यात पालकांचं उत्पन्न, कुटुंबातली माणसं, बँकेतली शिल्लक येते, राहतं घर येत नाही. त्यातून निघालेला आकडा कॉलेजच्या एकूण खर्चातून, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं या सगळ्यांतून वजा करतात. उरते ती गरज. तो आकडा उणे 1,500 पर्यंतही जातो. उत्पन्न वाढतं तशी मदत हळूहळू उतरते, सहसा एकदम तुटत नाही. भांडणं तिथेही आहेतच. 2024-25 पासून राहत्या शेताची किंमत मालमत्तेत धरायला लागले, शेतकरी ओरडले आणि 2025 च्या कायद्याने ती 2026-27 पासून पुन्हा वगळली.

उत्पन्न तिथेही जुनंच धरतात, दोन वर्षांपूर्वीचं. पण मधल्या काळात वडिलांची नोकरी गेली, तर कॉलेजच्या मदत कार्यालयातला अधिकारी कागद पाहून आकडा बदलू शकतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये कारखाना बंद पडला तरी दाखला आधीच्या मार्चपर्यंतच्या पगाराचा. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळतं : एक एप्रिलनंतर या.