‘डझनभर बुद्धी’ असलेलं गाव कोणतं? गावांच्या नावांचं शब्दकोडं असं सोडवा

‘डझनभर बुद्धी असलेलं गाव, 4 अक्षरी.’ नकाशा उघडू नका, शब्द तोडा. डझन म्हणजे बारा, बुद्धी म्हणजे मती. उत्तर : बारामती!

अशा कोड्यात सूचनेचे दोन तुकडे असतात. एक सांगतो की उत्तर गाव आहे, दुसरा त्या नावाची फोड करतो. ‘शिकायला नकार देणारं शहर’ म्हणजे नाशिक. ‘पहिल्या सुरानंतर चांदणी’ म्हणजे सा + तारा.

खरी गोची पुढे आहे. ‘प्राणी आणि महापूर, जिल्ह्याचं शहर, 4 अक्षरी.’ मी बिनधास्त पेनाने ‘नागपूर’ लिहिलं. उभे शब्द जुळेनात. उत्तर होतं कोल्हापूर! ‘ल्हा’ जोडाक्षर असलं तरी एकाच चौकोनात बसतं, त्यामुळे दोन्ही नावं चारच घरांची. शेवटचं ‘पूर’ही सारखंच. तिथून जाणारे उभे शब्द कितीही सोडवा, निकाल लागत नाही. म्हणून पहिल्या दोन घरांतून खाली उतरणारे शब्द आधी सोडवा. ‘ना’ की ‘को’, एवढं एक अक्षर मिळालं तरी पुरे. तोवर मात्र पेन्सिलच वापरा.